एकटेपणाच्या कविता लिहून मन आणखी बुडतं का?

प्रश्न: ताई, मी मूळची परभणी जिल्ह्यातली. स्पर्धा परीक्षेसाठी चार वर्षांपासून पुण्यात आहे, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. रात्री कविता लिहिते, सगळ्या एकटेपणाच्या. खास मैत्रिणीला दाखवल्या तर म्हणाली, "किती निगेटिव्ह लिहितेस, जरा पॉझिटिव्ह लिही." लिहून मोकळं वाटतं की मी त्यात आणखी रुतत चाललेय, तेच कळेनासं झालंय. थांबवू का लिहिणं?

उत्तर:

थांबवू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे.

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. एकोणीस वर्षं मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करतेय आणि त्यातली बारा वर्षं आमचा कवितेचा एक गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी सदाशिव पेठेतल्या एका घराच्या माडीवर दहा-बारा जण जमतात. तुझ्यासारखी परीक्षेची मुलं असतात. मुलं परदेशी स्थायिक झालेले कोथरूडचे आजी-आजोबा असतात. हिंजवडीत नोकरी करणारी, शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलणं न झालेली पोरं असतात. एकाच शहरात एकटं पडायच्या किती तऱ्हा! आणि यातले बहुतेक जण घरी गुपचूप काहीतरी लिहीत असतात, हे मला या कामात पडल्यावरच कळलं.

तू एक कविता पाठवलीस आणि तिच्यासोबत चार पानी पत्र. कविता अशी आहे:

अंधाराच्या वाटेवरती
एकटीच मी चालत आहे,
दुःखाचा हा अथांग सागर
मनात माझ्या उसळत आहे.

लय सांभाळली आहेस, यमकही नेटकं आहे. पण यात मला तू दिसत नाहीस. अंधाराची वाट, अथांग सागर… शास्त्री रोडवरच्या कुठल्याही अभ्यासिकेत, कुठल्याही टेबलावर ही कविता लिहिली गेली असती. तुझं दुःख खरं आहे, याबद्दल मला जराही शंका नाही. म्हणूनच त्याच्या अंगावर असे उसने कपडे बघून मला वाईट वाटलं.

मग पत्र वाचलं. तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस: "रात्री साडेअकराला अभ्यासिकेतून येते. कुलूप बघायच्या आधी जिन्यात चपला बघते. तीन जोड असले की सगळ्या आल्यात. एकीच्या चपलेच्या अंगठ्याला पिन लावलेली आहे. माझा जोड काढला की चार. गावाकडं दारात चपलांचा नुसता ढीग असायचा, आई सारखी ओरडायची, पायात येतात म्हणून."

बाई गं, कविता इथं आहे! तुझीच वाक्यं तोडून एकाखाली एक मांडते, बघ:

जिन्यात चपला मोजते.
तीन जोड.
एकीच्या अंगठ्याला पिन.
माझा चौथा.

गावाकडं दारात ढीग असायचा,
आई ओरडायची,
पायात येतात म्हणून.

इथं कुणाच्या
पायात येत नाही कुणी.

शेवटच्या दोन ओळी तेवढ्या माझ्या. नको वाटल्या तर काढून टाक, त्यांच्यावाचूनही ही कविता उभी राहते. यात 'एकटी' हा शब्द एकदाही आलेला नाही, 'दुःख' आलेलं नाही. तरी घर सोडून आलेल्या कुणालाही ही वाचून दाखव, तो गप्प होईल. परवा मी ती माझ्या नवऱ्याला वाचून दाखवली. तो साताऱ्याहून अठराव्या वर्षी पुण्यात शिकायला आलेला. तो उठून गॅलरीत गेला.

आता तुझा खरा प्रश्न: मोकळं होतं की रुततं? दोन्ही होतं, आणि कशानं काय होतं हे थोडंफार सांगता येतं. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला बसवलं. लिहून उठल्यावर त्यांचं मन आधीपेक्षा खालावलेलं होतं. पण ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. तेव्हा लिहून झाल्यावर अर्धा तास जीव जड होत असेल तर घाबरू नकोस. पुढं अशा लिखाणांमधले शब्द मोजून बघितले गेले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची सर्वनामं दिवसागणिक बदलत गेली, आज 'मी', उद्या 'ती', परवा 'आम्ही', त्यांच्या तब्येतीला लिहिण्याचा गुण जास्त आला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या गटातल्या वह्याच डोळ्यांपुढं आल्या. रुतवणाऱ्या कवितेत पानोपानी 'मी'च असते आणि महिनोन्‌महिने तीच ओळ फिरून फिरून येत राहते. उगाळणं म्हणतो ना आपण, तेच. त्या कवितेत 'तू' आला, आई आली, निदान पिन लावलेली एक चप्पल आली, तरी मन बसल्या जागचं हलतं. म्हणून आता कुणाचीही वही हातात आली की मी आधी एवढंच बघते: यात दुसरं कोण आहे?

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. देहू तुझ्या खोलीपासून बसनं गाठता येईल इतकं जवळ. तिथल्या तुकोबांचा हा अभंग तू कीर्तनात नाहीतर आजीच्या तोंडून ऐकला असशील. एकदा तो कवितेचा धडा म्हणून वाच:

कन्या सासुऱ्यासी जाये । मागें परतोनी पाहे ॥
तैसें जालें माझ्या जिवा । केव्हां भेटसी केशवा ॥
चुकलिया माये । बाळ हुरुहुरु पाहे ॥
जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी ॥

सासरी निघालेली मुलगी रडते, असं तुकोबा म्हणत नाहीत. ती मागं वळून बघते, बस्स. आईपासून चुकलेलं लेकरूसुद्धा बघतंच. दोन्हीकडं तोच शब्द, 'पाहे'. तिसरं चित्र मासोळीचं, पाण्यावेगळी झालेली ('जीवन' म्हणजे इथं पाणी), आणि तिला बघायचीसुद्धा सवड नाही. मनातलं थेट सांगणारा 'तळमळी' हा शब्द सगळ्यात शेवटी येतो. तोवर तीन जीव आपल्या डोळ्यांसमोरून गेलेले असतात, त्यामुळं तो शब्द पेलतो. तुझी कविता 'दुःखाचा सागर' आधी मांडून बसली आणि मग तिच्यापाशी सांगायला काही उरलं नाही. आणि ती दुसरी ओळ बघ, 'केव्हां भेटसी केशवा'. इतकं एकटेपण, तरी अभंग कुणाशी तरी बोलतोय. हाक मारतोय.

जनाबाई तर याहून पुढं जाते. 'झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी ॥' नामदेवांच्या घरची ही दासी. तिच्या मदतीला येणारा देव तिला उपदेश करत नाही, दिवस पालटतील असंही सांगत नाही. तो केर भरतो, पाटी डोक्यावर घेतो आणि लांब नेऊन टाकून येतो. आधार देणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला माझ्या अभ्यासाच्या जाड पुस्तकांपेक्षा या चार ओळींनी जास्त शिकवलं.

हे संतांपुरतंच होतं असंही नाही. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी-मावळात बायका पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून त्या गोळा केल्या आणि हा संग्रह एक लाख ओव्यांच्याही पुढं गेला. एक लाख! सासुरवास, माहेरची ओढ, गेलेली आई, न येणारा भाऊ, सगळं त्यात आहे. घरात ज्या गोष्टीचा उच्चार करायची सोय नव्हती, ती पिठाबरोबर बाहेर पडली. समोर दळू लागायला कुणी असलं तर तिच्याशी बोलायचं, नसलं तर खुद्द जात्यालाच 'ईश्वरा' म्हणून हाक मारायची आणि त्याच्याशी गूज करायचं. यातल्या कितीतरी बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दुःख कुणाला तरी उद्देशून सांगावं लागतं एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

पत्रात तू आणखी एक लिहिलं आहेस: "घरचे चांगले आहेत, पैसे वेळेवर पाठवतात, तसं काही घडलेलंही नाही. मग असं का वाटतं याची लाज वाटते." लाज कसली? बालकवींनी (१८९० ते १९१८) 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला' असं सरळ लिहून ठेवलंय. इतक्या मोठ्या कवीला कारण सापडलं नाही आणि त्यानं ते शोधून आणल्याचा आवही आणला नाही. कारण नसलं तरी कविता लिहिता येते. शिवाय तुझ्या बाबतीत कारण अगदीच नाही असं मला वाटत नाही. चार वर्षं, दोनदा थोडक्यात हुकलेली मुख्य परीक्षा, दर दिवाळीला गावाकडं "यंदा होईल ना?" असं विचारणारे नातेवाईक. हे काही थोडं नाही.

आता त्या मैत्रिणीबद्दल. तिच्यावर रागावू नकोस. "पॉझिटिव्ह लिही" असं ती घाबरून म्हणाली असणार. आपल्या माणसाचं दुःख समोर आलं की ते लवकर झाकावंसं वाटतं. इतकी वर्षं हेच काम करून माझ्याकडूनही ही चूक झालेली आहे.

आमच्या गटात कोथरूडचे एक आजोबा येतात. पत्नी जाऊन तेव्हा सात महिने झाले होते, मुलगा अमेरिकेत. त्यांनी दुधाच्या पिशव्यांवर कविता वाचली. दोघांची चव वेगळी, म्हणून त्यांच्याकडं रोज अर्धा लिटर म्हशीचं आणि अर्धा लिटर गाईचं दूध यायचं. गाईचं तिला. ती गेली तरी यांनी दूधवाल्याला गाईचं बंद कर असं सांगितलं नव्हतं. कविता संपली तशी खोली गप्प झाली. मला ती शांतता सोसवली नाही आणि मी बोलून गेले, "काका, काळ हेच औषध असतं." त्यांनी मान डोलावली, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. पुढचे दोन महिने ते आले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात आले, कसे कोण जाणे. कुणीतरी तीच कविता पुन्हा वाचायला सांगितली, त्यांनी वाचली. या वेळी मी तोंड मिटून बसले. कोपऱ्यात लातूरकडचा एक मुलगा होता, तुझ्यासारखाच परीक्षेवाला. त्यानं विचारलं, "मग त्या गाईच्या दुधाचं काय करता, आजोबा?"

"विरजण लावतो."

"आणि दह्याचं?"

"मी दही खात नाही." एवढं बोलून ते थांबले. "टाकून देतो."

मुलगा म्हणाला, "मी खातो."

पुढं वर्षभर तो दर रविवारी सकाळी कोथरूडला जाऊन दहीभात खायचा. आजोबांच्या वहीत त्यानंतर ज्या कविता आल्या, त्यांतल्या दोन-तीन तर भाताच्याच आहेत.

कुसुमाग्रजांची 'कणा' कविता आपण सगळे शाळेत शिकलो. पुरात घर वाहून गेलेला विद्यार्थी सरांकडं येतो. सरांचा हात खिशाकडं जातो, तर तो हसत उठतो आणि म्हणतो, पैसे नकोत, जरा एकटेपणा वाटला. आपल्याला शेवटचं 'लढ म्हणा' तेवढं लक्षात राहतं, भाषणांमध्ये तेच वापरलं जातं. पण त्या 'लढ'च्या आधी पाठीवर हात मागितलेला आहे. ज्यांनी १९६१ च्या जुलैतला पानशेतचा पूर पाहिला, अशा एक आजी आमच्याकडं यायच्या. त्या वेळी त्यांचं घर नदीकाठच्या पेठेत होतं. ही कविता कुणी म्हटली की त्या म्हणायच्या, आम्हाला त्या आठवड्यात कोण काय बोललं ते काही आठवत नाही, कुणाच्या ओट्यावर आम्ही निजलो तेवढं आठवतं.

म्हणून आमच्या गटात आता एक नियम आहे. कविता वाचून झाली की लगेच कुणी 'छान' म्हणायचं नाही आणि धीरही द्यायचा नाही. थोडा वेळ गप्प बसायचं. मग ज्याला वाटेल त्यानं एवढंच सांगायचं, की कुठली ओळ त्याच्यापाशी राहिली. विचारावंसं वाटलं तर त्या दुधासारखं काही विचारायचं. पहिले काही महिने लोकांना हे अवघड गेलं, मलाही. तुझ्या मैत्रिणीला हेच सांग. "मी वाचते, तू फक्त ऐक. मला सल्ला नको, कुठली ओळ आवडली ती सांग." माणसांना आधार द्यायचा असतो, पण तो कसा द्यायचा हे बऱ्याचदा आपल्यालाच सांगावं लागतं. त्यात मागितल्यासारखं काही नाही.

एवढ्यात कविसंमेलनाच्या मंचावर मात्र जाऊ नकोस, हे माझं मत. तिथं टाळी येते, आणि टाळीच्या नादानं पुन्हा सागर नि अंधार सुरू होतात. टिळक रोडला महाराष्ट्र साहित्य परिषद तुझ्या खोलीपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, १९०६ पासूनची जुनी संस्था. तिथल्या कार्यक्रमांना जा, मागच्या रांगेत बस, दुसऱ्यांचं ऐक. चार ओळखीचे चेहरे झाले की त्यातलेच दोघं-तिघं तुझा गट होतील.

लिहिण्याची वेळही बदल. रात्री एक वाजता, सगळ्या झोपल्यावर, मोबाईलच्या उजेडात लिहायचं बंद कर. त्या वेळी सगळ्यांनाच सगळं संपल्यासारखं दिसतं. अभ्यासिकेतून निघायच्या आधी वीस मिनिटं लिही, वही मिटव, मग खाली उतरून टपरीवर चहा घे आणि दोन माणसांत उभी राहा. आठवड्यातून एक कविता अशी लिही, जिच्यात 'मी' हा शब्दच नाही. सुरुवातीला हात अडखळेल.

एक गोष्ट मात्र मी सरळ विचारणार आहे. सकाळी उठवत नाही असं तू दोनदा लिहिलं आहेस. झोप, भूक आणि अभ्यासातलं लक्ष ही तिन्ही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असतील, किंवा जगून काय करायचं असा विचार मनात येऊन जात असेल, तर एकट्या कवितेवर भिस्त ठेवू नकोस. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री तीन वाजताही लागतो आणि मराठीत बोलता येतं. ससूनमध्येही मानसोपचार विभाग आहे, तिथं फार पैसे लागत नाहीत. आमच्या गटातले तीन जण गोळ्या घेतात आणि कविताही लिहितात. एकामुळं दुसरं अडलेलं नाही. तू यातलं काही केलंस तर मला कळव. नाही केलंस तरी कळव.

आणि त्या कवितेचं राहिलंच. ती पूर्ण झालेली नाही, असं मला तेव्हापासून वाटतंय. तीन जोडांतल्या एकीच्या अंगठ्याला पिन आहे, हे तू बघितलंस, लक्षात ठेवलंस, पत्रात लिहिलंस. म्हणजे कित्येक रात्री तू त्या चपलेकडं बघत आली आहेस. ती कुणाची आहे? तिचं गाव कुठलं? गल्लीच्या तोंडाशी चांभार बसत असेल. उद्या बाहेर पडताना तिला विचार, "येतेस का, चप्पल शिवून आणू." पुढची ओळ येताना सुचेल.